नरवरचे फादर आणि आमचे ग्वाल्हेर



ग्वाल्हेरच्या ख्रिस्तसभेचा इतिहास विचारला की आमच्यापैकी बहुतेक जण १९९९ सालापासून बोलू लागतात. त्या वर्षी झाशीपासून वेगळा होऊन ग्वाल्हेर धर्मप्रांत झाला, बिशप जोसेफ कैथाथरा पहिले महागुरुस्वामी झाले आणि मुरारचे संत पौलाचे चर्च कॅथेड्रल ठरले. थोडी जाणती माणसे १९४० पर्यंत मागे जातात, कारण झाशीचे प्रिफेक्चर तेव्हाचे.  आणखी मागे रेटले तर मुरारची इंग्रजी छावणी येते आणि तिथे सगळे गप्प होतात.

हे गप्प होणे हरिशंकरपुरममधल्या आम्हा मोजक्या मराठी कॅथलिक कुटुंबांना हल्ली टोचू लागले आहे. आमच्यात वसईचे आहेत, नगरकडचे आहेत, कुणी नोकरीसाठी आले, कुणाचे आजोबा इथेच वाढले. मुले हिंदीत मिस्सा ऐकतात, इंग्रजीत शिकतात आणि जपमाळेला बसली की आजीबरोबर मराठीत ‘नमो मारिया’ म्हणतात. शाळेत त्यांना कधीतरी एक प्रश्न येतोच: तुमचा धर्म इंग्रजांबरोबर आला ना? विचारणारा नेहमी वाईट मनाने विचारतो असे नाही. पण मूल घरी येऊन तोच प्रश्न आम्हाला विचारते, आणि तेव्हा छावणीपाशी थांबणारा इतिहास पुरत नाही.

म्हणून आज नरवरबद्दल लिहितो आहोत.

नरवर म्हणजे शिवपुरी जिल्ह्यातले, सिंध नदीजवळचे लहानसे गाव, डोक्यावर प्रचंड किल्ला. नळ-दमयंतीच्या कथेतल्या नळराजाची नगरी ती हीच असे तिकडे मानतात. पूर्वी सुरतेहून किंवा दक्षिणेतून आग्र्याकडे जाणारा रस्ता सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर, धोलपूर असा जाई. इतिहासात आमच्या बाजूला ख्रिस्ती धर्मगुरू दिसतात ते प्रथम याच रस्त्यावर.

अकबराने गोव्याला माणसे पाठवून धर्मगुरू मागवले होते. त्याप्रमाणे येशूसंघाचे तिघे नोव्हेंबर १५७९ मध्ये गोव्याहून निघाले: फादर रुडॉल्फ अक्वाविवा, फादर अंतोनियो मोन्सेर्रात आणि फादर फ्रान्सिस हेन्रिक्स. बरोबर बादशहाला भेट द्यायचे बायबल होते, अँटवर्पला छापलेले, अनेक भाषांचे, अनेक खंडांचे. फेब्रुवारी १५८० च्या अखेरीस अक्वाविवा फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. मोन्सेर्रात मात्र नरवरला आजारी पडले. सोबती पुढे गेले, ते मागे राहिले आणि जरा उठता येऊ लागल्यावर काही दिवसांनी सिक्रीला जाऊन मिळाले. म्हणजे आमच्या भागातल्या ख्रिस्ती इतिहासाचे पहिले पान हे एका आजारी वाटसरूचे आहे. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायलाही वीस वर्षे अवकाश होता, हे मुलांना जरूर सांगावे.

मोन्सेर्रातांनी या प्रवासाची हकीकत लॅटिनमध्ये लिहून ठेवली. पुढे त्यांना इथिओपियाला पाठवण्यात आले, वाटेत ते पकडले गेले आणि येमेनमध्ये कित्येक वर्षे बंदिवासात होते. ग्रंथ त्यांनी तिथे पुरा केला. त्याचे हस्तलिखित १९०६ मध्ये कोलकात्यात सापडले. त्यात ग्वाल्हेरचा किल्ला आहे आणि खडकात कोरलेल्या तेरा मूर्तीही आहेत. मधली मूर्ती ख्रिस्ताची आणि दोन्ही बाजूंच्या बारा प्रेषितांच्या, अशी समजूत त्यांनी नोंदवली आहे.

इथे जरा थांबायला हवे, कारण ही गोष्ट कानावर आली की आमच्यातले काही जण हरखून जातात. बघा, ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर प्रेषित! तर तसे नाही. किल्ल्याच्या कड्यातल्या त्या मूर्ती जैन तीर्थंकरांच्या आहेत, पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळात कोरलेल्या. त्यांतली एक तर सतरा मीटरच्या आसपास उंच आहे. बाबराने १५२७ मध्ये त्या फोडायचा हुकूम दिला, म्हणून मोन्सेर्रात आले तेव्हा पुष्कळ चेहरे छिन्नभिन्न झालेले असणार. दूरदेशाहून आलेल्या, तापातून उठलेल्या माणसाला बिनचेहऱ्याच्या मूर्तींमध्ये आपला प्रभू आठवला, यात आम्हाला हसण्यासारखे काही वाटत नाही. पण आपला इतिहास लांबवण्यासाठी शेजाऱ्याचे देव उचलून आपल्या घरात मांडायचे नाहीत. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट सांगताना दोन्ही भाग सांगावेत.

मराठी वाचकांसाठी एक धागा आणखी. अक्वाविवा १५८३ मध्ये अकबराच्या दरबारातून गोव्याला परतले आणि त्याच वर्षी २५ जुलैला साष्टीतल्या कुंकळ्ळी येथे चार येशूसंघी सोबत्यांसह मारले गेले. १८९३ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्या वेळी साष्टीत काम करणाऱ्या एका इंग्रज येशूसंघीयाने त्याच वर्षी आपल्या भावाला पत्र लिहून ही हकीकत कळवली. तो म्हणजे थॉमस स्टीफन्स, आमच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता. १६१६ मध्ये जो मराठी ओवीत ख्रिस्ताचे चरित्र छापणार होता, त्याने आमच्या ग्वाल्हेरवरून गेलेल्या पाहुण्याच्या मरणाची बातमी लिहिली. आम्हाला हे प्रथम कळले तेव्हा वसई, गोवा आणि ग्वाल्हेर एकमेकांच्या फार जवळ आल्यासारखे वाटले.

पण वाटेवरून जाणारे धर्मगुरू म्हणजे धर्मग्राम नव्हे. धर्मग्राम व्हायला कुटुंबे लागतात, बाप्तिस्मे आणि लग्ने लागतात, स्मशानभूमी लागते आणि कुणीतरी फादर मुक्कामाला लागतो. हे सगळे नरवरला अठराव्या शतकात जुळून आले. मोगलांच्या आणि राजेरजवाड्यांच्या नोकरीतली ख्रिस्ती कुटुंबे त्या बाजूला स्थिरावली होती. त्यांत बोर्बन घराणे प्रमुख. आपला मूळपुरुष अकबराच्या दरबारी आलेला फ्रेंच सरदार होता असे हे घराणे मानते. नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्ली लुटली, तेव्हा दिल्ली सोडून ते नरवरजवळच्या शेरगढला आले. तोवर त्यांची घरे, बोली, पेहराव सगळे हिंदुस्थानी झाले होते. धर्म तेवढा टिकून होता.

त्यांच्यामध्ये येऊन राहिले फादर जोसेफ टीफेनथालर. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे.

टीफेनथालर १७१० साली आल्प्स पर्वतातल्या टायरोल प्रांतात जन्मले. गणित आणि खगोल हे त्यांचे विषय. जयपूरच्या सवाई जयसिंग महाराजांना वेधशाळेसाठी जाणकार हवे होते, त्या कामासाठी त्यांची योजना झाली होती. १७४३ मध्ये ते भारतात आले, आणि त्याच वर्षी जयसिंग वारले. ज्या कामासाठी आयुष्य उचलून एवढे समुद्र ओलांडले, ते काम पोहोचता पोहोचता संपले. असा माणूस परत जाऊ शकला असता, किंवा आयुष्यभर कुरकुरत बसला असता. ते काही काळ आग्र्याला राहिले आणि मग १७४७ पासून नरवरला. तिथे ते साधारण अठरा वर्षे होते.

अठरा वर्षे! आज आमचे फादर एका ठिकाणी पाच-सहा वर्षे राहिले की आम्ही म्हणतो, फार दिवस झाले.

वेधशाळेच्या ऐवजी त्यांच्या वाट्याला आला एका आडगावातला लहान कळप. पण त्यांनी गणित सोडले नाही. नरवरहून प्रवास करताना ते गावांची अंतरे लिहीत, ठिकाणांचे अक्षांश मोजत, नद्या, किल्ले, देवळे, पिके, चालीरीती टिपून ठेवत. १७५० मध्ये ते गोव्यापर्यंत जाऊन आले. त्या टिपणांतून हिंदुस्थानचे मोठे भूवर्णन तयार झाले आणि पुढे बर्लिनला जर्मन भाषेत छापले गेले. भूगोलाचे अभ्यासक त्यांना या ग्रंथासाठी ओळखतात. आम्हाला मात्र राहून राहून वाटते की या ग्रंथाच्या मागे रविवारच्या मिस्सा आहेत, आजाऱ्याच्या खाटेशी बसणे आहे, लग्ने लावणे आणि लेकरे पुरणे आहे. विद्वानाचे चरित्र लिहिणारे हा भाग दोन ओळींत उरकतात. धर्मग्रामात काम करणाऱ्याला माहीत असते की दिवस त्यातच जातो.

आणि काळ कसला होता तो! त्याच वर्षांत मराठी फौजा उत्तरेत येत-जात होत्या. १७६१ मध्ये पानिपत झाले. फादर टीफेनथालर नरवरला असतानाच आपल्या पूर्वजांचे घोडे या मुलुखातून गेले.

मग पैसा बंद झाला. या मिशनचा खर्च पोर्तुगालच्या आश्रयाने चाले. १७५९ मध्ये पोर्तुगीज सरकारने येशूसंघाला आपल्या राज्यातून हाकलले, मालमत्ता जप्त केली, गोव्यातल्या संघीयांना पकडून लिस्बनला कैदेत पाठवले. नरवर पोर्तुगीज हद्दीबाहेर, त्यामुळे फादर पकडले गेले नाहीत, पण मागचा हात सुटला. वेदीवरच्या मेणबत्तीपासून मिस्सेच्या द्राक्षारसापर्यंत प्रत्येक वस्तूला पैसे लागतात, आणि द्राक्षे काही नरवरला पिकत नाहीत. ज्यांनी पाठवले तेच संकटात, ज्यांच्यात राहिले ते थोडे. १७६५ मध्ये ते मदत मागायला बंगालकडे निघाले. पन्नाशी उलटलेला हा खगोलशास्त्रज्ञ मिशनसाठी हात पसरायला इंग्रजांच्या दारी गेला.

नरवरला त्यांचा मुक्काम पुन्हा पडला नाही. पुढची वर्षे अवधच्या बाजूला गेली. १७७३ मध्ये तर पोप चौदावे क्लेमेंट यांनी येशूसंघच विसर्जित केला. म्हणजे राजा गेला, पैसा गेला, शेवटी ज्या संघाची शपथ घेतली तोही गेला. तरी टीफेनथालर भारत सोडून गेले नाहीत. १७८५ मध्ये लखनौला त्यांचा अंत झाला आणि आग्र्याच्या जुन्या ख्रिस्ती स्मशानभूमीत त्यांना ठेवले.

नरवरच्या कळपाचे काय झाले? बोर्बन घराण्याच्या परंपरेप्रमाणे १७७८ मध्ये नरवरच्या राजाने शेरगढवर घाला घातला. पुष्कळ जण मारले गेले. जे वाचले ते ग्वाल्हेरला आले आणि तिथून पुढे भोपाळला. भोपाळमध्ये हे घराणे नवाबांच्या नोकरीत मोठे झाले, ती वेगळी कथा आहे आणि भोपाळकर ती अभिमानाने सांगतात. नरवरचा धर्मग्राम मात्र संपला. किल्ल्यावर ख्रिस्ती थडगी तेवढी राहिली.

ती थडगी पाहायला आम्ही पाच-सहा कुटुंबे एका हिवाळ्यात गेलो होतो. किल्ल्याची चढण दमवणारी आहे, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करूनच निघावे. वर झुडपे, पडक्या भिंती, आणि मधूनच इतका मोठा उघडा माळ की आवाज दिला तर परत येत नाही. आम्ही जपमाळेची एक दशक म्हटली, मराठीतूनच. एका मुलाने विचारले, “हे आपले कोण?” कुणीतरी म्हणाले, “पूर्वज.” त्यावर आमच्यातल्या एका काकूंनी लगेच दुरुस्ती केली, “रक्ताचे नव्हेत रे बाळा. पण नोव्हेंबरात ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो ना, त्यांतले.”

काकूंचे म्हणणे आम्हाला पटते. नरवरपासून आमच्यापर्यंत सरळ दोरी नाही. मधे धागा तुटला, आणि तो जोडून दाखवण्याची घाई करू नये. ग्वाल्हेरला ख्रिस्ती माणसे पुन्हा आली ती नव्या वाटांनी. महादजी शिंद्यांनी सॅव्हॉयच्या द बॉयन्यकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या, त्या फौजेत युरोपी अधिकारी होते. नेपल्सहून आलेल्या मायकेल फिलोसचे कॅथलिक घराणे शिंदेशाहीत पिढ्यान्‌पिढ्या टिकले. त्याचा मुलगा ज्यां बाप्तिस्त दौलतरावांचा सेनापती होता, आणि पुढच्या पिढीतल्या सर मायकेल फिलोस यांनी १८७४ मध्ये जयविलास राजवाडा बांधला. झुंबरे टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिले म्हणतात, ते हेच छत. मराठी राजाचा वाडा कॅथलिक वास्तुकाराने बांधला, हे ग्वाल्हेरचे टांगेवालेसुद्धा सांगत; आम्हीच सांगत नाही.

मग १८४३ च्या महाराजपूर आणि पनियारच्या लढाया, त्यांच्या मागून मुरारची छावणी. ब्रिटिश फौजेत आयर्लंडचे कॅथलिक शिपाई पुष्कळ असत. त्यांच्यासाठी धर्मगुरू आले, प्रार्थनाघर आले. १८८६ मध्ये इंग्रजांनी मुरार आणि किल्ला शिंद्यांना परत देऊन झाशी घेतली, तेव्हा छावणीही उठली. त्याच १८८६ मध्ये आग्रा महाधर्मप्रांत झाला. कागदावर ख्रिस्तसभा मोठी होत होती, आणि इथे बाकावरची माणसे उठून जात होती.

असे आमच्याकडे वारंवार झाले आहे. कुणीतरी येते, दिवा लावते, जाते. मग दुसरे कुणी येते. आता केरळचे फादर आहेत, झारखंडच्या सिस्टर आहेत, आणि आम्ही मराठी. बाहेरून आलात का, या प्रश्नाला आम्ही हो म्हणतो. लश्कर या आमच्या भागाचे नावच दौलतरावांच्या छावणीवरून पडले. शिंदे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडहून आले आणि त्यांच्यामागून गणपती, पुरणपोळी आणि मराठी शाळा आल्या. त्या शहरात बाहेरून येणे हा गुन्हा कसा ठरेल? पण इंग्रजांबरोबर आलात का, याला मात्र नाही म्हणावे. आणि नरवरचे नाव घ्यावे.

मुरारच्या कॅथेड्रलचा आश्रयदाता संत पौल. तोही आयुष्यभर रस्त्यावर, कधी जहाज फुटलेले, कधी कैदेत, स्वतःच्या हातांनी तंबू शिवून पोट भरणारा. आमचे बिशप थॉमस थेन्नाट डिसेंबर २०१८ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्या दिवसांत मुरारला गर्दीत उभे असताना आम्हाला नरवरला तापाने पडलेले मोन्सेर्रात आठवले नव्हते; त्यांची गोष्ट तेव्हा आम्हाला ठाऊकच नव्हती. आता मात्र दोघांसाठी एकाच वेळी प्रार्थना होते. अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य उदास चालले होते आणि तिसरा येऊन मिळाला तो कोण हे त्यांना कळले नाही. ही कथा पास्काच्या आठवड्यात वाचली जाते तेव्हा आमच्यातल्या काही जणांच्या डोळ्यांसमोर तो सिरोंज-नरवरचा रस्ता येतो.

यंदा २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, घरच्या जपमाळेत एक दशक नरवरच्या मृतांसाठी म्हणायचे आम्ही ठरवले आहे. त्यांची नावे नाहीत म्हणून “नरवरचे आमचे बंधुभगिनी” एवढेच म्हणायचे, आणि शेवटी फादर टीफेनथालरांचे नाव घ्यायचे. मुलांना ते उच्चारता येत नाही. आम्हालाही सरावानेच जमले.

आणि एक विनंती. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्म्याची आणि विवाहाची वही ठेवायला सांगितले. त्या वहीत आईबापांची नावे, धर्ममातापित्यांची नावे, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही आणि पुढे लग्न झाले की समासात त्याचीही नोंद असते. त्यामुळे एका कागदावरून चार घरे सापडतात. वसई, नगर, नागपूर, पुणे, जिथे कुठे तुम्ही हे वाचत असाल, तिथे घरातल्या जुन्या ट्रंकेत आजी-आजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला असेल तर काढून बघा. त्यावर लश्कर, मुरार किंवा नुसते ‘ग्वाल्हेर’ लिहिलेले असले, तर कागद जपून ठेवा, त्याचा फोटो काढा, आणि तुमच्या फादरांना दाखवा. समासातली बारीक अक्षरे फोटोत नीट येतील असे बघा. बहुतेक वेळा महत्त्वाचे तिथेच लिहिलेले असते.